आबांची वही



आजची नोंद पिकाची नाही. पण सुरुवात पिकापासूनच करावी लागंल.

२०२२ चा डिसेंबर. विहिरीजवळच्या तीस गुंठ्यात हरभरा होता, भर फुलोऱ्यात. घाटेअळी दिसायला लागली म्हणून इमामेक्टिन आणून ठेवलं होतं. आमच्याकडं फवारणी आबांचीच. वय ७४, पण पाठीवर पंप घेतला की कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मापाच्या बाबतीत तर आख्ख्या शिवारात त्यांचा शब्द चालायचा. "दहा लिटरला चार ग्रॅम म्हंजे चार ग्रॅमच. अंदाजानं मीठ टाकत्यात, औषध न्हाई," हे मी लहानपणापासून ऐकत आलोय.

फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी शेंडे मान टाकल्यासारखे दिसले. तिसऱ्या दिवशी पानं पिळवटली, देठं वाकडीतिकडी झाली. मी फोटो काढून ओळखीच्या एका कृषी पदवीधर मित्राला पाठवले. त्याचं एका ओळीत उत्तर आलं, "टू-फोर-डी गेलंय का?" शेडमध्ये जाऊन बघितलं. इमामेक्टिनचं पाकीट न फोडलेलं. उसातल्या रुंद पानांच्या तणासाठी आणलेली टू-फोर-डीची बाटली अर्धी रिकामी. आठ-दहा दिवसांत रान करपलं. सहा-सात क्विंटल माल गेला.

मी आबांवर ओरडलो. बांधावर, भांगलणीच्या बायकांसमोर. आबा माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मी कवा फवारलं? मी तर आज रानातच आलू न्हाई."

मला जास्त राग आला तो या उत्तराचा. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस आता चूक झाकायला खोटं बोलतोय असं वाटलं. चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. ते खोटं बोलत नव्हते हे कळायला मला पुढं दोन महिने लागले.

वहीत सगळं होतं

या पेजवर मी ज्या नोंदी टाकतो, ती सवय आबांची. सातवी शिकलेला माणूस, पण १९८० पासून वही आहे. पाणी कधी दिलं, खत किती टाकलं, गडी किती होते, पाऊस कुठल्या नक्षत्रात किती झाला. माझ्या उसाच्या हिशोबाला आजही त्या वह्यांचा आधार आहे.

त्या घटनेनंतर महिन्याभरात एका रात्री आबा अंथरुणात नव्हते. दोन वाजले होते. आम्ही बॅटऱ्या घेऊन निघालो. सापडले ते जुन्या विहिरीवर, मोटंच्या थारोळ्यात बसलेले. ती विहीर १९९४ च्या वाटणीत चुलत्याकडं गेली, मोट तर त्याच्याही आधी बंद झाली. मला बघून म्हणाले, "दादा बैलं घेऊन आलं न्हाईत अजून." दादा म्हणजे त्यांचे वडील, माझे आजोबा. ते जाऊन चाळीस वर्षं झाली.

त्या विहिरीला कठडा नाही. थारोळ्यापासून पाणी चार पावलांवर.

घरी आणून झोपवलं, पण मला झोप लागेना. मी त्यांची वही काढली आणि मागं मागं वाचत गेलो. हरभऱ्याच्या दीड वर्ष आधीपासून सगळं तिथं लिहिलेलं होतं. एकाच तारखेला "उसाला पाणी दिले" तीन वेळा. युरियाची सहा पोती, २६६ रुपये ५० पैशांचा दर बरोबर लिहिलेला, आणि बेरीज २९६६. जो माणूस पट्टीचा हिशोब तोंडी करायचा त्याची ही बेरीज. पुढं अक्षर ओळ सोडून खाली उतरलेलं. मग काही पानांवर नुसती तारीख. शेवटच्या दोन महिन्यांत तीसुद्धा नाही.

पिकावर एक पान पिवळं दिसलं तर मी गुडघ्यावर बसून पान उलटून बघतो. खालचं पान की वरचं, शिरा हिरव्या की पिवळ्या. नत्र कमी आहे की लोह, याचा विचार करतो, पिकाला शिव्या देत नाही. आणि घरातला माणूस दीड वर्ष लक्षणं दाखवत होता तर आम्ही त्याला काय म्हणालो? "वय झालं." "आता लक्षच न्हाई." "मुद्दाम करतंय म्हातारं."

आईला माहीत होतं, हेही त्याच रात्री कळलं. चष्मा कुठं ठेवला, गोळी घेतली का, बाजारातून सुटे किती परत आणले, हे ती वर्षभर गुपचूप सांभाळत होती. "गावात कुणी हसू नये म्हणून गप बसले," म्हणाली. गावात याला म्हातारचळ म्हणतात. त्या एका शब्दामुळं किती घरं गप्प बसली असतील कोण जाणे.

दवाखाना

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी एक गोष्ट बरी केली. "वयच आहे" म्हणून परत पाठवलं नाही. रक्त तपासायला सांगितलं आणि मेंदूच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली. त्यांनी सांगितलेलं सगळ्यांनी लक्षात ठेवा. विसरायला होण्याची काही कारणं बरी होणारी असतात. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, डोक्याला मार लागून आत हळूहळू साठलेलं रक्त, खोल उदासी, काही गोळ्यांचा परिणाम. म्हणून आधी ते बघायचं. न तपासता डिमेन्शिया म्हणून सोडून देणं, आणि न तपासता वय म्हणून सोडून देणं, दोन्ही सारखंच चूक.

आबा माळकरी. बी-१२ खूपच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली आणि आम्हाला वाटलं, सुटलो. अंगात तरतरी आली, पायाच्या मुंग्या कमी झाल्या. विसरणं तेवढं राहिलं.

मेंदूच्या डॉक्टरांनी तारीख विचारली नाही. म्हणाले, "बाबा, महिना कुठला चाललाय?" आबा म्हणाले, "श्रावण." बाहेर उसाच्या गाड्या चालल्या होत्या. मग त्यांनी तीन शब्द सांगितले, बैल, विहीर, भाकरी. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून परत विचारले. आबा हसून म्हणाले, "तुमी काय सांगितलंच न्हाई की."

नंतर मी याबद्दल वाचलं. शहरातल्या शिकलेल्या माणसांसाठी केलेले प्रश्न खेड्यातल्या निरक्षर माणसाला विचारले तर चांगला माणूससुद्धा नापास होतो. म्हणून हरियाणातल्या बल्लभगड भागात संशोधकांनी १९९० च्या दशकात लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी वेगळी प्रश्नावली तयार केली. आपल्या आई-वडिलांना दाखवायला नेलं तर ते किती शिकलेत, रोज काय काम करायचे, हे आधी सांगा. आणि आधी काय जमायचं जे आता जमत नाही, ते लिहून न्या. मी आबांची वही नेली होती. डॉक्टरांनी एमआरआयच्या आधी ती चाळली.

निदान झालं ते मिश्र. अल्झायमर आहे आणि त्याच्या जोडीला मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे छोटे छोटे झटके. रक्तदाबाची गोळी आबा वर्षानुवर्षं "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायचे. डिमेन्शिया हे एका रोगाचं नाव नाही. विचार, आठवण, रोजचे व्यवहार ढासळत जातात त्या अवस्थेचं नाव आहे. तिची कारणं अनेक, त्यात सगळ्यात जास्त आढळणारं अल्झायमर.

डॉक्टर म्हणाले, नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग यात बहुधा आधी बिघडतो. म्हणून सकाळचा चहा आठवत नाही, पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आबा काल झाल्यासारखा सांगतात. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले, सुकडी कशी मिळायची, सगळं पाठ. हाताला मुरलेलं काम तर त्याहून उशिरापर्यंत टिकतं. गोळी दिली, तिच्याबद्दलही स्पष्ट सांगितलं. रोग बरा होत नाही, काही जणांना काही काळ थोडा आधार मिळतो, इतकंच.

फवारणीचं कोडं तेव्हा सुटलं. पंप कसा भरायचा, दांडी कशी मारायची, झाकणानं माप कसं घ्यायचं हे हाताला माहीत होतं. बाटली कुठली घ्यायची हे डोक्याला राहिलं नव्हतं. आणि फवारलं ही आठवण साठलीच नव्हती. मग खोटं कसं बोलतील?

आमच्या चुका

लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

पहिली चूक, वाद घालणं. संध्याकाळ झाली की आबा अस्वस्थ होतात. दिवस मावळताना उठायचे, "सर्जा-राजाला वैरण टाकायची ऱ्हायली." बैलं आम्ही २००९ ला विकली. मी रोज सांगायचो, "आबा, बैलं विकली." ते दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हादरायचे. एकदा रडले. एकच दुःख मी त्या माणसाला रोज नव्यानं देत होतो, खरं बोलायच्या नावाखाली.

दुसरी चूक, जबरदस्ती. अंघोळीला येईनात म्हणून एक दिवस हात धरून ओढलं. मनगटावर वळ उठले. संध्याकाळी मला तो हात दाखवून म्हणाले, "कुणी तरी मारलंय बघ मला." कुणी ते त्यांना आठवत नव्हतं. मला आठवत होतं.

तिसरी चूक, सगळं घरातल्या बायकांवर टाकणं. मी दिवसभर रानात. रात्री तीनदा उठणं, ओले कपडे, पन्नास वेळा तोच प्रश्न, हे आई आणि बायकोनं सोसलं. पुण्यातला भाऊ फोनवर म्हणायचा, "आबा माझ्याशी तर चांगलं बोलतात." पाच मिनिटं कुणीही चांगलं बोलतं. मग आईला चक्कर आली, रक्तदाब वाढलेला निघाला, दोन दिवस सलाईन. त्यावेळी भाऊ येऊन चार रात्री राहिला. पाचव्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "महिन्यातले आठ दिवस मी." आजवर पाळतोय.

आम्ही काय बदललं

१. औषधांच्या शेडला कुलूप, किल्ली माझ्या करगोट्याला. तणनाशकाचा पंप वेगळा आणि त्यावर लाल पट्टा. हे खरं तर प्रत्येक घरात आधीपासूनच पाहिजे. म्हातारं माणूस असो वा लहान पोर, आणि रागाच्या भरात औषध हातात येऊ नये म्हणूनही.

२. मोटरच्या पेटीला कुलूप. जुन्या विहिरीला चुलत्यानं स्वतःहून जाळी मारली, खर्च अर्धा अर्धा.

३. आबांच्या बंडीच्या आतून आणि टोपीत माझा फोन नंबर शिवला. बायकोची कल्पना. खिशातली चिठ्ठी ते काढून टाकतात, शिवलेलं राहतं.

४. रात्री संडासच्या वाटेला दिवा चालू. दाराला वर, नजर जाणार नाही अशी कडी आणि छोटी घंटी. बाहेरून कुलूप लावून माणसाला कोंडायचं नाही. आम्ही एकदा लावलं होतं, त्यांनी दारावर डोकं आपटून घेतलं.

५. वैरणीचा वाद संपला. दिवस मावळायच्या आधीच बायको म्हणते, "आबा, जनावरं वाट बघत्यात." म्हशीपुढं चार पेंढ्या टाकून येतात, हात धुतात, शांत बसतात. बैल आहेत की नाहीत हा विषयच निघत नाही.

६. प्रश्न विचारणं बंद केलं. "मी कोण, ओळखलं का?" असं पाहुणे परीक्षा घेतल्यासारखं विचारतात. आता दारातच सांगतो, विचारू नका, आपलं नाव सांगून बसा.

७. जमिनीचं. एक जण बांधाच्या वादातला कागद घेऊन आबांकडं एकटाच आला होता. आबा अंगठा द्यायच्या बेतात होते, नातवानं बघितलं म्हणून वाचलं. मन ठिकाणावर नसलेल्या माणसानं केलेला करार कायद्यात टिकत नाही, पण ते सिद्ध करत कोर्टात वर्षं जातात. म्हणून निदान लवकर झालं असेल, माणसाला अजून समजत असेल, तेव्हाच सगळ्या भावा-बहिणींसमोर, वकील आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं वाटणी, मृत्युपत्र, बँकेतलं नाव हे उरकून घ्या. लपूनछपून नाही. बहिणीलाही बोलवा.

आधार कुठं मिळाला

सगळ्यात मोठा आधार गावातच होता. आम्हीच तो तोंड बंद ठेवून अडवून धरला होता.

आशाताई घरी आल्या होत्या रक्तदाब बघायला, त्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आणखी दोन घरांत असंच आहे. मग मी डेअरीवर, एसटी स्टँडच्या हॉटेलात, शाळेत मास्तरांना, सगळीकडं सांगून आलो, "आबा एकटे दिसले तर अडवू नका, ओरडू नका. चहा द्या आणि मला फोन करा." त्यानंतर आबा पाच वेळा बाहेर गेले. पाचही वेळा अर्ध्या तासात फोन आला. एकदा तर सातवीतली दोन पोरं त्यांच्याशी गप्पा मारत घरापर्यंत घेऊन आली. हसलं कुणी नाही. हसणारा असेल तर माझ्यापर्यंत आला नाही.

बाहेरची मदतही आहे. टेलि-मानस म्हणून सरकारची सेवा २०२२ मध्ये सुरू झाली, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. हा नंबर सांभाळणाऱ्यांसाठीही आहे, मी स्वतः एका रात्री लावलाय. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून याच कामात आहे. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मेंदूविकार आणि मानसोपचार विभाग असतात, तिथं केसपेपर काढून विचारा.

आणि आपण एकटे आहोत असं समजू नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासात ६० वर्षांवरच्या शंभरातल्या साधारण सात जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज निघाला, देशात ८८ लाखांच्या घरात. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त. म्हणजे दोनशे म्हाताऱ्या माणसांच्या गावात सरासरी चौदा-पंधरा. तुमच्या गावात किती जणांची नावं तुम्हाला माहीत आहेत?

जे अजून चाळीस-पन्नाशीत आहेत त्यांच्यासाठीही एक गोष्ट. २०२४ मध्ये लॅन्सेट आयोगानं १४ कारणं दिली, ज्यांवर आयुष्यभर काम केलं तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढं ढकलता येऊ शकतो असा त्यांचा अंदाज आहे. त्यात रक्तदाब, साखर, तंबाखूचा धूर, दारू, डोक्याला मार, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा हे सगळं येतं. रक्तदाबाची गोळी रोज घ्या. मोटारसायकलवर हेल्मेट घाला. म्हाताऱ्याला ऐकू येत नसेल तर मशीन आणा, मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. आबांच्या बाबतीत आम्ही यातलं अर्धंसुद्धा केलं नव्हतं.

यंदाची नोंद

आबा आता मला नावानं ओळखत नाहीत. कधी दादा म्हणतात, कधी "पाव्हणं". जेवण झाल्यावर "बिल किती झालं?" विचारतात. अवघड दिवस अजून येणार आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय, पुढं गिळायला त्रास होईल, अंथरूण धरतील. त्याचीही तयारी घरात बोलून ठेवलीय.

यंदा त्याच तीस गुंठ्यात परत हरभरा केला. वीस गुंठे ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानं. दहा गुंठे ठेवले, शेजाऱ्याची बैलजोडी आणि आमची माळ्यावरची कुरी काढली. आबांना बांधावर खुर्ची टाकून बसवलं होतं. बैलं बघून उठले, चालत आले, चाड्यावर मूठ धरली. मी नुसता दंड धरून बाजूनं चाललो. सहा तासं घातली. दमले, पण चेहरा असा होता की मी दोन वर्षांत बघितला नव्हता. शेवटी शेजाऱ्याला म्हणाले, "ह्या गड्याला मजुरी द्या, बरा हाय कामाला." गडी म्हणजे मी.

आठव्या दिवशी उगवण मोजली. आबांच्या सहा तासांत दाणा कुठं गोळा पडलेला नाही, कुठं खाडा नाही. यंत्राच्या बाजूला दोन ठिकाणी नळी तुंबून तीन-तीन फूट मोकळं राहिलंय, तिथं टोकण करून घेतलं.

ही नोंद मी त्यांच्याच वहीत केली, शेवटच्या नुसत्या तारखेच्या खाली.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर निदान एका माणसाला तरी आज सांगा. आणि औषधांच्या शेडला कुलूप लावा.

राम कृष्ण हरी.